झिरो बघा, साहेब

वीस वर्षं पेट्रोलपंपावर मी एकच काम इमानेइतबारे केलं. झिरो बघितला. पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन म्हणायचा, "साहेब, झिरो बघा," आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून तो शून्य असा निरखायचो, जसं काही सोनाराच्या काट्याकडे बघतोय. पुढे आकडे पळायला लागले की मान आत घ्यायचो. ते बघवत नसे.

29 मे 2021 रोजी मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली. देशातल्या महानगरांत हा मान सगळ्यांत आधी आपल्याला मिळाला. लॉकडाऊनमुळे गाडी तेव्हा पार्किंगमध्ये धूळ खात होती, त्यामुळे ते दुःख मला फुकटात करता आलं. ऑफिस सुरू झाल्यावर मात्र सांताक्रूझ ते फोर्ट, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, हिशेब अंगावर यायला लागला. लिटरचा भाव 103 रुपये 50 पैसे. गाडीचं ॲव्हरेज कंपनीच्या कागदावर वीस, कलानगरच्या सिग्नलला तेरा. भागाकार केला तर किलोमीटरला 7 रुपये 96 पैसे. म्हणजे दर दोन किलोमीटरला मी एक वडापाव जाळत होतो.

मग इलेक्ट्रिक गाडीचं डोक्यात घुसलं. पेट्रोलचं इंजिन ऊर्जेचा फार तर तिसरा-चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीच्यानं बॉनेट तापतं. शिवाय सिग्नलला उभं राहूनही ते पीतच असतं. इलेक्ट्रिक मोटर उभ्या गाडीत काही खात नाही, एसी घेईल तेवढंच. वर ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत येते. हे सगळं मी बायकोला पोहे खाताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "ब्रेक लावायचे पैसे मिळत असतील तर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आपण महिन्याभरात कोट्यधीश होऊ." मग तिनं विचारलं, की तशीच पेट्रोलची गाडी किती स्वस्त आहे. तीन लाखांनी, असं मी हळू आवाजात सांगितलं. तिनं पेपराच्या कडेला भागाकार मांडला. महिन्याला साडेचार हजार वाचले तर साडेपाच वर्षं. "आणि तोपर्यंत तुला नवीन गाडी घ्यायची असेल," असंही ती म्हणाली. ते खरं असल्यामुळे मी चहा आणायला गेलो.

गाडी घेणं सोपं होतं. शोरूमवाला सांगतो, "घरी चार्ज करा, मोबाइलसारखी." पण माझं घर सातव्या मजल्यावर आणि गाडी खाली खांब नंबर 7 जवळ. मोबाइल मी उशाशी घेऊन झोपतो.

मधल्या सात मजल्यांत सोसायटी असते.

कमिटीच्या मीटिंगमध्ये माझा अर्ज विषय क्रमांक 4 होता. विषय क्रमांक 3, कबुतरांच्या जाळ्या, पावणेदोन तास चालला. माझी पाळी आली तेव्हा सगळे दमलेले असतील, पटकन होईल, अशी मला आशा होती. पण प्लग म्हटल्यावर मंडळींच्या अंगात करंट आला. खजिनदारांचा मुद्दा, वीज कोणाची? माझीच, मीटररूममधल्या माझ्याच मीटरवरून खाली केबल टाकायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मुद्दा, रात्री गाडी गरम होऊन फुटली तर? आणि मग सेक्रेटरींनी चष्मा काढून तो प्रश्न विचारला, जो सांताक्रूझ पूर्वेला कुठल्याही गोष्टीवर विचारला जातो. "26 जुलैसारखं पाणी आलं तर?"

याला उत्तर नसतं. 2005 साली त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्या सोसायटीत तेव्हापासून काळ मोजण्याची तीच खूण आहे. तरी मी अभ्यास करून गेलो होतो. म्हटलं, बॅटरी सीलबंद असते, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी आत जात नाही, तशी चाचणीच असते.

"आपल्याकडे पाणी दोन दिवस होतं," काका म्हणाले.

अखेर ठराव झाला. केबल पाइपातून न्यायची, खर्च सभासदाचा, सॉकेट आणि एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, कुलूपबंद पत्र्याच्या डब्यात, आणि 'सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर डब्याची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये राहील.' मला ही अट फारच समंजस वाटली. मी सही केली.

गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो. त्याचा दरही वेगळा असतो, जास्त वापरलं की दर चढतो ती स्लॅबची भानगड नाही. पण आमच्या मीटररूमच्या भिंतीवर नवा मीटर सोडा, कॅलेंडर लावायलाही जागा नाही. त्यामुळे घरच्याच मीटरवरून 38 मीटर केबल, अर्थिंग आणि 16 अँपिअरचा सॉकेट झाला. वायरमनचे 27 हजार. साध्या सॉकेटवर गाडी तासाला तीनेक युनिट ओढते. रोजच्या चाळीस किलोमीटरसाठी अडीच तास पुरे. रात्री आठला प्लग लावायचा, वर जाऊन जेवायचं, झोपायचं. तेही गाडी खाली जेवतेय या समाधानात.

मी वही केली. डाव्या बाजूला किलोमीटर, उजव्या बाजूला युनिट. पहिल्याच आठवड्यात कळलं की मीटर म्हणतो सात युनिट दिले आणि गाडी म्हणते सहा मिळाले. मधला एक वाटेत उष्णता होऊन जातो. पातेलंभर दूध तापवलं की खरवडीला थोडं जातंच, तसं. महिन्याला 800 किलोमीटरला मीटरवर 140 युनिट पडले.

आणि मग पहिलं बिल आलं.

विजेचं बिल मी तोवर फक्त खालच्या ओळीपुरतं वाचलं होतं. आता वरपासून वाचलं. स्थिर आकार. वहन आकार, हा मी घाईत 'वाहन आकार' वाचला आणि दचकलो. वीज शुल्क 16 टक्के. आणि त्यात एक ओळ, इंधन समायोजन आकार, म्हणजे वीजकेंद्रात जळणाऱ्या इंधनाचा वाढीव खर्च! ज्या इंधनापासून पळून मी तीन लाख जास्त मोजले, ते बिलात येऊन बसलं होतं.

पण खरं भांडण स्लॅबवरून पेटलं. पहिली 100 युनिट स्वस्त, 300 पर्यंत मध्यम, 500 पर्यंत महाग, त्यापुढे विचारू नका. आमचं घर 280 खातं. त्यावर गाडीचे 140. म्हणजे गाडीच्या वाट्याला जवळजवळ सगळे महागडे युनिट. हे बायकोनं वहीत तसंच लिहिलं, युनिटला 13 रुपये. मी आक्षेप घेतला. म्हटलं, गाडीनं स्वस्तातले 140 खाल्ले आणि बेडरूमचा एसी महागड्या पंक्तीला बसला, असं का नाही धरायचं?

"एसी 2014 मध्ये आला. गाडी आत्ता आली. शेवटच्या पंगतीला येणाऱ्यानं जिलबी गरम का नाही म्हणून विचारू नये."

याला कायदेशीर उत्तर असेल, मला सुचलं नाही. 13 रुपयांनी धरूनही 1820 रुपये झाले. किलोमीटरला 2 रुपये 28 पैसे. पेट्रोलचे 7.96. मी तो आकडा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायला लागलो. लोक जिन्यानं जायला लागले. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे काका थांबून ऐकायचे, कारण त्यांची गाडी सीएनजीची. ते म्हणायचे, "माझी साडेतीनला पडते, आणि मला कोणाचा ठराव लागला नाही." मी विचारायचो, रांगेत किती वेळ होतात? ते विषय बदलून डिकीबद्दल बोलायचे, जिच्यात सिलिंडर असल्यामुळे त्यांची बॅग मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसते.

असं सुखात चाललं होतं, आणि भाद्रपद आला.

दहा दिवस सोसायटीचा गणपती. मी 1001 रुपये वर्गणी दिली, दोन आरत्यांना झांजा वाजवल्या. यंदा रोषणाई डोळ्यांत भरण्यासारखी होती. खांब नंबर 6 पासून गेटपर्यंत पिवळ्या माळा, बाप्पावर चार फ्लडलाइट, चार मोठे पंखे, साउंड. सुट्ट्या आणि मिरवणुकांमुळे माझी गाडी कमीच फिरली. सगळा महिना मिळून 520 किलोमीटर.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती आमच्याकडे 28 ला होते. उत्सवाचा जमाखर्च वाचताना खजिनदार एका ओळीवर थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "रोषणाईचा वीजखर्च, शून्य." टाळ्या पडल्या. काटकसरीबद्दल कार्यकारिणीच्या अभिनंदनाचा ठराव काकांनी मांडला. अनुमोदन कोण देणार? त्या वर्षी सभागृहात पैसे वाचवण्याबद्दल सर्वांत जास्त बोललेला माणूस मीच होतो. मी हात वर केला.

चार दिवसांनी बिल आलं. 575 युनिट.

घरचे 280 वजा केले. 295 उरले. सरासरी 14 रुपयांनी 4130. भागिले 520. उत्तर आलं 7 रुपये 94 पैसे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पेट्रोलपेक्षा मी किलोमीटरमागे रोख दोन पैसे वाचवत होतो. युनिटला पावणेदोन किलोमीटर! बायको काही बोलली नाही, तिनं फक्त वही उघडून तो आकडा लाल पेननं लिहिला. मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलानं लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, आणि तपासणीचे पैसे घेतले. तेही वहीत गेले.

रविवारी मी किल्ली घेऊन खांब नंबर 7 चा डबा उघडला. एमसीबी जागेवर. सॉकेट जागेवर. पण एमसीबीच्या खालच्या बाजूला लाल-हिरव्या पिळाच्या वायरचा वीतभर तुकडा कापून सोडलेला, टोकाला काळी चिकटपट्टी. डब्याच्या तळाशी झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

वॉचमनला विचारलं. तो बिचारा अगदी मोकळेपणानं म्हणाला, "हां साहब, डेकोरेशनवाले को चाबी मैंने ही दी थी। सेक्रेटरी साहब बोले, सोसायटी का ही डिब्बा है।" आणि वर, "आपकी गाडी का प्लग किसी को निकालने नहीं दिया।"

सेक्रेटरी शांतपणे ऐकत होते. मी वही दाखवली, दोनशे युनिट, सगळे शेवटच्या पंगतीतले, 2800 रुपये. त्यांनी हिशेब तपासला, बरोबर आहे म्हणाले.

"पण आता सभेत जमाखर्च मंजूर झालाय. शून्य. अनुमोदक म्हणून तुमचंच नाव आहे, अहो."

घरी बायकोनं 2800 वर्गणीच्या रकान्यात घातले. गाडीचा भाव पुन्हा अडीचच्या आसपास आला, माझी वर्गणी 3801 झाली. मी संध्याकाळी बाजारातून नवीन, जाडजूड कुलूप आणून डब्याला लावलं. वर येताना लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले.

"कुलूप बदललंत का? चांगलं केलंत. एक किल्ली तेवढी केबिनमध्ये द्या, ठरावात आहे ते. मुलं यंदा आकाशकंदील मोठा करायचा म्हणताहेत."