60 एमओएची स्कोप घेतली म्हणजे 300 मीटर झालं? नाही होत

आमच्या सोलापुरातल्या नेमबाजांमध्ये सध्या एक व्हॉट्सअॅप मेसेज फिरतोय. पॉइंट टू टू रायफल 300 मीटरवर चालवायची तर 60 एमओए एलिव्हेशनची (म्हणजे नेम वर-खाली करायला 60 एमओए जागा असलेली; एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) स्कोप पुरते, स्कोपची नळी 30 मिलिमीटरची घ्या, उताराची रेल (स्कोपखालची तिरकी पट्टी) लावू नका कारण 50 मीटरचा झीरो, म्हणजे त्या अंतरावर जुळवलेला नेम, जातो, आणि कमी पडलंच तर स्कोप धरणाऱ्या मागच्या रिंगखाली पत्र्याची पट्टी सरकवा. चारही सल्ले चुकीचे आहेत. नवी पोरं त्यावर पैसे घालवतायत, म्हणून लिहितोय.

मेसेज खरा का वाटतो, तेही कळतं. स्वप्नील कुसाळेंनी 2024 साली पॅरिसला कांस्य जिंकलं त्या 50 मीटर थ्री पोझिशनला स्कोप नसतेच. आपला बहुतेकांचा सराव तोच, त्यामुळे स्कोपचं ज्ञान ऐकीव.

पहिला दावा 60 चा. हा आकडा टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली करायच्या स्कोपवरच्या फिरकीच्या, तळापासून टोकापर्यंतचा असतो. स्कोप मधोमध धरली तर वर जायला उरतात 30. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची (नेहमीच्या वेगाची) गोळी 50 मीटरला झीरो केली, तर 200 मीटरला साधारण 25 एमओए वर जावं लागतं आणि 300 ला 45 च्याही पुढे. म्हणजे 300 मीटरवर गोळी चारेक मीटर खाली येते. 30 मध्ये ते बसणार कसं?

आणि ते 30 तरी हातात येतात का? माझ्या स्कोपवर 50 मीटरचा झीरो झाल्यावर मी टरेट वरच्या टोकापर्यंत फिरवत क्लिक मोजले. पाव एमओएचा एक, असे 88 भरले. म्हणजे 22 एमओए. बाकीचे बेस आणि रिंगांच्या बारीक तिरकेपणात गेले होते. बाहेरगावच्या रेंजवर 200 मीटरला टरेट अडकला आणि गोळ्यांचा ग्रुप टार्गेटच्या मध्यापासून वीतभर खाली पडला. गोळी चांगली होती, पकडही चांगली होती, क्लिकच संपले होते.

नळीचं थोडक्यात सांगतो. 30 मिलिमीटरच्या नळीत जागा जास्त असते, पण ती एलिव्हेशनलाच दिलीय असं नाही. माहितीपत्रकातला एलिव्हेशनचा आकडा वाचा, नळीचा व्यास नव्हे.

आता रेल. सगळ्यात जास्त नुकसान या दाव्यानं होतंय. 20 एमओएच्या रेलची मागची बाजू किंचित उंच असते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वर्कशॉप असलेल्या मित्राकडे मी माझी रेल व्हर्नियरनं मोजून घेतली: 130 मिलिमीटर लांबीत फरक जेमतेम पाऊण मिलिमीटर. तेवढ्यानं स्कोपचं तोंड खाली झुकतं आणि खाली वाया जाणारे 20 एमओए वर वापरता येतात. 30 चे 50 होतात. खाली 10 उरतात, म्हणून 50 मीटरचा झीरो जागेवर राहतो. झीरो जातो तो 60 च्या स्कोपखाली 40 ची रेल लावली तर. किंवा रेल उलटी बसवली तर काम नेमकं उलटं होतं. बसवताना उंच टोक खांद्याकडच्या बाजूला आहे ना, हे बोटानं चाचपून बघा.

पत्र्याची पट्टी तर अजिबात नको. एकच रिंग उचलली की दोन्ही रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि स्क्रू आवळल्यावर नळीला पीळ बसतो. माझ्या जुन्या स्कोपवर रिंगेच्या कडेचा अर्धगोल वळ अजून आहे. रेल लावता येत नसेल तर आत फिरणारे इन्सर्ट असलेल्या रिंगा मिळतात, त्या नळीला पूर्ण टेकतात.

थोडं कमी पडत असेल तर नवी स्कोप घेण्याआधी रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या खुणा, बघा. मिलच्या रेटिकलवर (एक मिल म्हणजे साधारण 3.4 एमओए) 5 मिल खालच्या खुणेनं नेम धरला की आणखी 17 एमओए मिळतात.

हे सगळं टार्गेटमागे गोळ्या अडवणारा पक्का बांध असलेल्या मान्यताप्राप्त रेंजवरच, शेतात नाही. ही छोटी गोळी दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

आणि ज्यांनी स्कोप आधीच घेतलीय त्यांनी परत करायची घाई करू नका. 50 मीटरचा झीरो करा, टरेट वर फिरवा, क्लिक मोजा. किती एमओएची रेल लागेल ते त्या आकड्यावरून कळेल.