नानांना ब्लॉक करता येत नाही

भाचा दिवाळीला पुण्याहून आला आणि जाता जाता माझा वेळ वाचवून गेला. वाचवलेला वेळ कुठे ठेवलाय, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

मी जळगाव जिल्ह्यात सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशोब बघतो. बोर्डाचे भाव, म्हणजे त्या दिवसाचे जाहीर दर, कळले की नवती किती, पिलबाग किती, वापसी किती, असा केळीच्या एकेका प्रकाराचा भाव शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. मग कटाईच्या नोंदी, काट्यावरचं वजन, दांड्याची घट, हमाली, आणि शेवटी ज्याची त्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी. सगळं मीच टाईप करतो, इनस्क्रिप्टमध्ये, कीबोर्डकडे न बघता. भाचा शेजारी बसून बघत होता. 'शुभ सकाळ मंडळी, आजचा केळीचा बोर्ड भाव खालीलप्रमाणे' ही ओळ मी रोज नव्याने टाईप करतो हे कळल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोहऱ्याने पाणी शेंदून अख्खी बाग भरतोय.

"मामा, जे काम रोज तेच तेच असतं, ते मशीनला द्यायचं."

"मग तुझ्या मामीच्या भाकरी कोणाला द्यायच्या?" मी विचारलं. पण तोवर तो डाउनलोडला लागला होता.

पहिलं आलं ते ऑटोहॉटकी. विंडोजवर चालतं, फुकट आहे, 2003 सालापासून आहे. एक छोटा शब्द ठरवून ठेवायचा. तो लिहून स्पेस किंवा स्वल्पविराम दिला की त्या जागी ठरलेलं पूर्ण वाक्य उमटतं. सांगितलेलंच करतं, जास्त नाही, कमी नाही. असा माणूस पेढीवर मिळाला तर शेटजी त्याला पगारवाढ देतील. भाच्याने माझ्या त्या रोजच्या ओळीसाठी शब्द निवडला 'भाव'. पुण्यात राहणाऱ्याला हा शब्द दिवसातून एखाद्या वेळी लागत असेल, तोही भाजीवाल्याशी.

आमच्या गावातल्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका दरवर्षी माझ्याकडेच येते. महाराजांना यंदा वर एक ओळ हवी होती, हल्लीच्या भक्तांना टोमणा म्हणून: मनी नाही भाव, देवा मला पाव. टाईपिंगच्या क्लासात शिकवल्याप्रमाणे मी नजर कागदावर ठेवून मजकूर उतरवला, पोराने पेन ड्राइव्ह प्रेसला नेऊन दिला आणि पत्रिका छापून आली. 'मनी नाही शुभ सकाळ मंडळी, आजचा केळीचा बोर्ड भाव खालीलप्रमाणे, देवा मला पाव.' महाराजांनी चष्मा लावून ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "असू द्या. या तालुक्यात देवाकडे दुसरं मागणं असतंच कुठे?"

त्यानंतर पट्ट्या. शेतकरी मोबाईलवर फॉर्म भरणार, तो आपोआप तक्त्यात उतरणार, तक्त्यातून आपोआप पट्टी तयार होणार, असं भाच्याने जोडून दिलं. पण तक्त्याच्या सॉफ्टवेअरला शेती कळत नाही. दोन आकड्यांच्या मध्ये तिरकी रेघ दिसली की ती त्याच्या लेखी तारीख. सातबाराचा 7/12 लिहिला की 7 डिसेंबर. गट नंबर 12/3 लिहिला की 12 मार्च. मी हाताने भरायचो तेव्हा आकड्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकायचो, म्हणजे ते गप्प बसायचं. आता भरणारा मीच नाही, तर चिन्ह कोण टाकणार? पट्ट्या गेल्या. एका आप्पांनी फोन केला, "माह्या वावराचा वाढदिवस 12 मार्चला असतो हे मले आजच समजलं. जेवण कुठी हाये?"

हसू नका, हा त्रास फार वर पोचलेला आहे. मानवी जनुकांना नावं देणारी एक जागतिक समिती आहे. 'मार्च1', 'सेप्ट1' अशी जनुकांची नावं तक्त्यात लिहिली की त्यांच्या तारखा होत, आणि शोधनिबंधांत तशाच छापल्या जात. शेवटी 2020 साली समितीने जनुकांचीच नावं बदलली. मार्च1 चं मार्चएफ1 झालं, सेप्ट1 चं सेप्टिन1. जगभरचे शास्त्रज्ञ जिथे वाकले, तिथे रावेर तालुक्याने काय करायचं? तलाठ्याकडे अर्ज देऊन गट नंबर बदलून घ्यायचे?

ग्रुपवर भाव टाकण्याचं कामही मशीनकडे गेलं. माऊसचे क्लिक रेकॉर्ड करून ठेवायचे, ते रोज सकाळी आठला तसेच्या तसे वाजणार. इथे क्लिक, तिथे चिकटव, पाठव. यात बारीकशी अडचण अशी की क्लिक जागा ओळखतो, माणसं ओळखत नाही. चॅटच्या यादीत ज्याचा मेसेज शेवटचा तो वर सरकतो. एका पहाटे गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ गेले. रात्री शेतकऱ्यांचा ग्रुप होता त्या जागेवर सकाळी ग्रामस्थांचा ग्रुप आला होता, ओळीने श्रद्धांजल्या वाहत. बरोबर आठ वाजता त्यांच्याखाली आजचे भाव पडले. मी लाजेने मोबाईल उपडा ठेवला. थोड्या वेळाने हळूच पाहिलं, तर दोघांनी भावालाही हात जोडले होते, तिसऱ्याने विचारलं होतं, "नवती एकदम इतकी खाली कशी?" आणि त्यापुढे बुऱ्हाणपूरच्या लिलावापासून दिल्लीच्या थंडीपर्यंत चर्चा रंगली होती. अंत्ययात्रेची वेळ विचारणारा बिचारा मध्येच अडकला होता.

या सगळ्यातून वेळ वाचतच नाही असं नाही. विंडोजचं बटण आणि व्ही एकदम दाबलं की मागे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. सोय 2018 पासून आहे, सेटिंगमध्ये एकदा चालू करावी लागते, आणि तिच्यासाठी मी भाच्याला शंभर गुन्हे माफ करीन. ती कुणाच्या मयतीत नाक खुपसत नाही.

माझं खरं वाकडं आहे ते त्या टोमॅटोच्या ॲपशी. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला, म्हणून या पद्धतीचं नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. (आमच्याकडे जन्मला असता तर भरताचं वांगं लावून बसला असता.) त्या पंचवीस मिनिटांत लक्ष उडवणाऱ्या साइट ॲप बंद करून टाकतं. मी टोमॅटो लावला. साइट बंद झाल्या. समोरची खुर्ची ओढून नाना बसले.

"काय भो, काय करून ऱ्हायला?"

नानांना ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि निघाली तरी मी ती घेणार नाही, कारण कोणाची बाग पुढच्या आठवड्यात कापणीला येते, कोणाच्या रोपांवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग दिसला, वाऱ्याने कोणाचे घड आडवे झाले, हे मला कुठला तक्ता सांगतो? नाना सांगतात. चहा पीत, अर्ध्या तासात, मध्ये चुलतभावाच्या वाटणीची हकिकत घालून. पेढी त्यावर चालते. टाईपिंग ही माझी विश्रांती होती. कीबोर्ड खडखडत असला की शेटजीसुद्धा दारातून परत फिरायचे, "मुनीम कामात आहेत" म्हणून. आता मशीन गुपचूप काम करतं आणि मी रिकामा दिसतो. रिकाम्या दिसणाऱ्या माणसाला घराघरांतून कामं येतात. शेटजींची चेकबुकं, शेटजींच्या धाकट्याचा शाळेचा फॉर्म, शेटजींच्या सासऱ्यांचा हयातीचा दाखला.

उन्हाळा लागला आणि लाईट जायला लागली. आठला लाईट नसेल तर भावाचा मेसेज बुडतो, म्हणून भाच्याने पुण्यात बसून माझ्या संगणकात शिरून एका चौकोनात खूण केली: वेळ चुकलेलं काम, जमेल तेव्हा लगेच करावं. परवा पहाटेच लाईट गेली. "तुमचं तर सगळं मशीनच करतं," म्हणत शेटजींनी मला भर उन्हात फैजपूरच्या बँकेत धाडलं. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यातले काही प्रतिनिधी अजून या रांगेतच असावेत असं वाटण्याइतकी रांग होती. माझ्या पुढे नाना. दीडच्या सुमाराला सावद्यात लाईट आली असणार, पोराने संगणक चालू केला असणार, कारण रांगेतल्या बहुतेक खिशांतून एकदम टिंग झालं. नानांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून वाचलं, "शुभ सकाळ मंडळी." मग वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू तं इथी उभा हाये. मंग हे कोन धाडून ऱ्हायलं?"