हॅमिल्टन फक्त सावकारांचा माणूस?
लेख आवडला, पण अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याला 'श्रीमंतांचा वकील' म्हणून एका वाक्यात उडवून लावलंय, ते पटलं नाही. १७९० साली राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जं केंद्राने डोक्यावर घ्यावीत, असा त्याचा आग्रह होता. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज आधीच फेडलेलं, मग दुसऱ्यांचं ओझं आम्ही का वाहायचं, हा तिथून संसदेत निवडून आलेल्या जेम्स मॅडिसनचा सवाल रास्तच होता. तोडगा निघाला तो न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी, जेवणाच्या पंगतीत. कर्जं केंद्राकडे आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी, म्हणजे व्हर्जिनियाच्या शेजारी! (अर्थात ही हकीकत मुख्यतः जेफरसननेच मागाहून सांगितलेली, शिवाय आपण फसलो, असं रडगाणंही गायला.)

पडक्या भावात या कर्जांचे रोखे घेऊन ठेवणाऱ्यांची चांदी झाली, हे खरंच. पण कर्ज देणाऱ्यांना केंद्र सरकार टिकावंसं वाटू लागलं तेही त्यामुळेच. आणि हॅमिल्टनने मांडलेल्या राष्ट्रीय बँकेचं काय? १७९१ मध्ये 'राज्यघटनेत बसत नाही' म्हणून तिला विरोध करणाऱ्या मॅडिसननेच राष्ट्राध्यक्ष असताना, १८१६ मध्ये, दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर सही केली. तेव्हा हॅमिल्टन जाऊन बारा वर्षं झाली होती. लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.