'ताता'चा 'काका' कुणी केला?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

स्ट्रोकचे एक पेशंट आज घरी गेले. आले तेव्हा पाण्याचा घोट सरळ श्वासनलिकेत जायचा आणि साधा ठसकाही लागायचा नाही. (ठसका लागत नाही म्हणजे सगळं छान, असं अजूनही लोकांना वाटतं. उलट आहे हो!) आज स्वतःच्या हाताने पेला धरून पाणी प्यायले. घरच्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, नर्सचे मानले, फिजिओचे मानले. मग माझ्याकडे बघून, "आणि ह्या बोलायच्या मॅडम."

बोलायच्या मॅडम! आहे मी स्पीच थेरपिस्टच, पण इतके दिवस मी त्यांना गिळायला शिकवत होते.

असो. धास्तावलेली माणसं ती, कोण काय करतं हे त्यांनी का लक्षात ठेवावं. पण आपण थेरपिस्ट आपल्या आपल्यात काय दिवे लावतो?

गेल्या वर्षी एक पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. 'क'चा 'त' करायचा. काकाला ताता. तिसऱ्याच सेशनला पठ्ठ्या खणखणीत "काका" म्हणाला. आईला रडू आवरेना, माझे हात धरून म्हणाली, "तुमच्यामुळे झालं." आणि मी, "अहो, माझं कामच आहे ते." काय तो विनय!

फाईलमध्ये माझ्या आधीच्या थेरपिस्टच्या सात महिन्यांच्या नोंदी होत्या. 'कार' आणि 'तार' यातला फरक आधी त्याच्या कानाला कळावा म्हणून चित्रांचे ढीग. मग जिभेचं टोक स्पॅच्युलाने खाली दाबून धरणं, उताणं झोपवून जीभ मागे जाऊ देणं. एका दिवसाची नोंद तर पाठ आहे मला: "२० पैकी १. पण हसला."

तिने सात महिने जमीन नांगरली आणि मी आयत्या बिळावर नागोबा. आईला एका शब्दाने सांगितलं नाही. त्या थेरपिस्ट ताईला तर नाहीच नाही.

तशी आमच्या क्षेत्राची ही रीत जुनीच. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्या रुग्णाच्या मेंदूवरून वाचेची जागा दाखवली, तो कित्येक वर्षं फक्त 'टान' एवढंच बोलू शकायचा. मेंदूच्या त्या भागाला नाव ब्रोकांचं, आणि त्या माणसाला अजून सगळे 'टान'च म्हणतात.

६ मार्चला युरोपात स्पीच थेरपीचा दिवस असतो, तेव्हा आपणही ग्रुपवर पोस्टर टाकतो, हात जोडलेल्या इमोज्यांचा पाऊस पडतो. वाईट आहे असं नाही म्हणत. आभारांनी केसलोडही (डोक्यावरच्या पेशंटची संख्या हो) कमी होत नाही, तेही माहितीये. पण कुणाची तरी फाईल उघडून "हे तुझं काम होतं" असं शेवटचं कधी म्हणालो आपण? मी तर नाहीच म्हटलं, म्हणून तर आज त्या "बोलायच्या मॅडम"चा एवढा राग आला असणार.

एवढं लिहून थांबले, ताईचा नंबर शोधला. "तुमचा तो 'पण हसला'वाला मुलगा आठवतो का? 'क' आला त्याला. श्रेय मी खाल्लं. माफ करा."

दोन मिनिटांत उत्तर: "अगं वा! आणि 'ग'?"

थांबा, फाईल बघून येते.