हॉल्डेनच्या धोतराचं कौतुक पुरे

डिसेंबर उजाडला की जे. बी. एस. हॉल्डेनचा धोतर-झब्ब्यातला फोटो फिरायला लागतो. खालचा मजकूर ठरलेला: थोर ब्रिटिश शास्त्रज्ञ, भारताच्या प्रेमात पडला, शाकाहारी झाला, इथलं नागरिकत्व घेतलं, १ डिसेंबर १९६४ला भुवनेश्वरला वारला. सगळं खरं आहे. पण गोऱ्या माणसाने धोतर नेसलं याचाच आपल्याला इतका आनंद होतो, की त्याने केलं काय हे विचारायचं राहूनच जातं. म्हणून हा प्रपंच.

पहिली गंमत म्हणजे उत्क्रांतीशास्त्रातल्या या दादा माणसाकडे विज्ञानाची पदवीच नव्हती. ऑक्सफर्डला गणितापासून सुरुवात केली आणि बाहेर पडला तो ग्रीक-लॅटिन, तत्त्वज्ञान शिकून. विज्ञान घरात होतं. वडील खाणींतल्या विषारी वायूंवर काम करायचे. एकदा त्यांनी पोराला खाणीत नेलं, वर मिथेन साचलेल्या जागी उभं केलं आणि शेक्सपिअरमधलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोरगं धापा टाकत खाली कोसळलं. खाली हवा बरी होती, कारण मिथेन हलका असतो, तो वर राहतो. धडा संपला. (आज कुणी बापाने असं केलं तर शाळेतून फोन येईल.) पुढे १९३९मध्ये थेटिस पाणबुडीत ९९ माणसं गेली, तेव्हा ती कशाने गुदमरली हे बघायला हॉल्डेन स्वतःच बंद टाकीत जाऊन बसला.

पण त्याचं खरं काम कागद-पेन्सिलीचं. डार्विनची नैसर्गिक निवड (जे जास्त तगतात त्यांचीच प्रजा वाढत जाते) पटत होती, पण तिचा वेग किती? बहुतेकांना वाटायचं, फारच मंद. इंग्लंडात पेपर्ड मॉथ नावाचा करडा पतंग असतो. १८४८च्या सुमारास मँचेस्टरला त्याचा काळा नमुना सापडला, आणि शतक संपेपर्यंत तिथले जवळपास सगळे पतंग काळे. हॉल्डेनने १९२४मध्ये गणित मांडलं: इतक्या कमी पिढ्यांत असं व्हायचं तर काळ्या पतंगांची मागे राहणारी प्रजा करड्यांच्या साधारण दीडपट हवी. हा आकडा फारच मोठा होता, लोकांना पचेना. तीसेक वर्षांनी केटलवेल नावाच्या संशोधकाने बर्मिंगहॅमजवळच्या रानात पतंग सोडून, परत पकडून मोजले, तेव्हा निवड खरंच इतकी कडक असू शकते हे दिसलं. फिशर आणि राइट हे आणखी दोन शास्त्रज्ञ आणि हॉल्डेन, या तिघांनी मिळून उत्क्रांतीला हिशेब शिकवला.

१९४९मध्ये त्याने आणखी एक तर्क मांडला. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक आई किंवा बाप, एकाच बाजूने मिळालेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळत असेल, म्हणून ते टिकलं. पुढे सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत ॲलिसन नावाच्या संशोधकाने तेच दाखवून दिलं. गडचिरोली-नंदुरबारच्या दवाखान्यांत सिकलसेलचे पेशंट इतके का, याचं उत्तर या वाटेने जातं. आपल्या किती डॉक्टरांना हॉल्डेनचं नाव माहीत आहे?

डागही सांगतो, नाहीतर हीसुद्धा आरतीच व्हायची. हा कट्टर कम्युनिस्ट. स्टालिनच्या रशियात लायसेंको नावाच्या शेतीतज्ज्ञाने जनुकशास्त्र मोडीत काढलं, वाव्हिलॉवसारखा मोठा जनुकशास्त्रज्ञ तुरुंगात मेला, आणि हॉल्डेन, ज्याला हे सगळ्यांत जास्त कळत होतं, तो गुळमुळीत बोलत राहिला. पक्ष सोडला, तोही गाजावाजा न करता. पक्षनिष्ठेपायी हुशार माणूसही किती वेळ डोळे मिटून बसू शकतो, हे यात दिसतं. मला हे माफ करता येत नाही.

१९५७मध्ये तो संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आला. इथला त्याचा धडा सोपा होता: महागड्या यंत्रांसाठी रडू नका, तुमच्याकडे झाडं-पाखरं आहेत, मोजा. रॉय नावाच्या सहकाऱ्याने पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. एकाच झाडाच्या फुलांत कुठे पाच, कुठे सहा, कुठे सात. हा फरक हाच अभ्यासाचा विषय. डेव्हिस नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्याने माड बघितले. माडाच्या झावळ्या काही झाडांत डावीकडे वळत जातात, काहींत उजवीकडे, आणि आईबाप झाडं कुठल्या वळणाची यावर पोराचं वळण ठरत नाही. कोकणात-गोव्यात ज्यांच्या बागा आहेत त्यांनी कधीतरी मान वर करून बघावं.

मग जे आपल्याकडे होतं तेच झालं. साहेबी कारभाराशी खटके उडाले, १९६१मध्ये राजीनामा. शेवटी ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिजू पटनायकांनी भुवनेश्वरला प्रयोगशाळेची सोय करून दिली, पण तिथे हाताशी दोन-अडीच वर्षंच उरली होती. त्यातही कॅन्सर. त्यावरही पठ्ठ्याने विनोदी कविता लिहिली आणि देह काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला दिला.

मी जीवशास्त्र शिकवतो. प्रोजेक्ट म्हटलं की मुलं आधी विचारतात, "सर, मशीन कुठलं लागेल?" चूक त्यांची नाही, मार्क तसेच मिळतात. यंदा टीवायच्या दोघी मात्र सकाळी लवकर येऊन कॉलेजमागच्या पारिजातकाखाली बसतात आणि पाकळ्या मोजतात. प्रोजेक्टच्या फॉर्ममध्ये 'वापरलेली उपकरणे' हा रकाना रिकामा सोडलेला चालत नाही. त्यांनी तिथे 'सतरंजी' लिहिलंय.