प्राध्यापकांचं शिकवणं सुधारायचंय? वर्गात तेवढं जाऊ नका

आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा, चार्ज तुमच्या गळ्यात पडला म्हणे, अभिनंदन! म्हणजे आता स्टाफचं शिकवणं सुधारायचं कामपण तुमच्याकडेच आलं. घाबरू नका हो, एवढी वर्षं हेच बघतोय म्हणून सांगतो, पथ्य एकच आहे, शिकवणं सुधारायच्या नादात कोणी कोणाच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही.

पहिल्यांदा एक कार्यशाळा लावून टाका. विषय 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' आणि साधनव्यक्ती अशी शोधा की जी त्या विषयावर अडीच तास एकटीच बोलेल, स्लाईडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवेल आणि शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' म्हणत माईक खाली ठेवेल. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, हल्ली पर्यावरणासाठी एक रोप (ते नंतर स्टाफरूमच्या खिडकीत वाळतं), प्राचार्यांचं मनोगत, यातच साडेबारा वाजतात. मागच्या रांगेत पेपर तपासायचे गठ्ठे आणलेले असतील तर असू द्या, तेवढंच काहीतरी काम होतंय. जिओटॅग फोटो मात्र जेवणाच्या आधी काढा, जिलेबीनंतर हॉलमध्ये तुम्ही आणि शिपाईमामा दोघंच उरता.

ऑनलाईन कोर्स तर त्याहून सोपे. रिफ्रेशर, म्हणजे प्राध्यापकांचा उजळणीचा कोर्स, आता दोनच आठवड्यांचा, पूर्वी तीन होते आणि परगावी जाऊन हॉस्टेलवर राहायला लागायचं. आता कॅमेरा बंद, फोन चार्जिंगला, आणि हजेरीची लिंक आली की ग्रुपवर कोणीतरी ओरडतंच. हे कोर्स घेणाऱ्या केंद्रांचं मला फार कौतुक वाटतं. १९८७ च्या सुमारास सुरू झाली तेव्हा अकॅडमिक स्टाफ कॉलेज, २०१५ पासून ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन, तीन तीन बारशी झाली. आमचे एक सर तिन्ही नावांची सर्टिफिकेटं बाळगून आहेत आणि त्यांच्या नोट्स पहिल्या नावाच्या काळातल्या आहेत.

बाकी कोणाला पाठवायचं हे नीट ठरवा. ज्याची पगाराची लेव्हल दहाची अकरा व्हायचीय त्याला आधी सोडा, कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल अडायला नको. आणि तासिका तत्त्वावरच्या मुलांना चुकूनही पाठवू नका. आता तुम्ही म्हणाल की निम्म्या वर्गांवर तर तीच पोरं शिकवतात, नेट-सेट होऊन बसलीत, कॉलेज सुरू झाल्यावर कधीतरी त्यांची ऑर्डर निघते आणि पहिल्याच दिवशी खडू हातात देऊन एकशे वीस पोरांसमोर उभं करतात, मग शिकवायचं कसं हे त्यांनाच आधी सांगायला नको का? अहो पण त्यांना प्रमोशनच नाही, मग सर्टिफिकेट काय करायचंय? शिवाय कोर्सला बसले तर तेवढे तास बुडणार, बुडालेल्या तासाचे पैसे नाहीत, आणि परमनंट सर कोर्सला गेले की त्यांचे तास घेणार कोण?

फीडबॅक फॉर्म शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी भरून घ्या, जर्नलवर सही व्हायच्या आधी. सगळे 'उत्कृष्ट' येतात. एखादा मागच्या बाकावरचा लिहितोच 'सर फळ्याशी बोलतात', तो फॉर्म अपूर्ण धरायचा. मग पाय चार्ट काढा, कृती अहवाल जोडा, झालं.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. कधीतरी एखादी नवीन मॅडम येते आणि म्हणते, सर, माझ्या एफवायच्या तासाला मागे येऊन बसाल का, पोरं पंधरा मिनिटांनी तुटतात, नेमकं कुठे चुकतं ते कळत नाही. आमच्याकडे एक आली होती. असा आजार स्टाफमध्ये पसरायला वेळ लागत नाही, म्हणून आम्ही तिला तातडीने नॅकच्या मूल्यांकनाच्या फाईलीतलं क्रायटेरिया दोनचं काम दिलं, अध्यापन आणि मूल्यमापन. आता ती फाईल इतकी सुंदर लावते की तिला तासाला जायला वेळच होत नाही.