कंट्री स्टाइल घर आणि पाठीला चुना

ज्याला कुणाला आपलं घर युरोपियन कंट्री स्टाइलमध्ये, म्हणजे तिकडच्या खेड्यातल्या जुन्या घरासारखं, सजवायचंय त्याने आधी आपल्या स्वयंपाकघरात दिवसाला किती फोडण्या होतात ते मोजावं आणि मग पुढचं बोलावं. आमच्याकडे फोडण्या करणारी मी आणि सजवणारा नवरा, त्यामुळे हा हिशोब कुणी मांडलाच नाही.

आम्ही राहतो इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये. दगडी घरांची एक ओळ आहे त्यातलं एक आमचं, भिंती हातभर जाड, खिडक्या टीचभर आणि छताला जुन्या लाकडाच्या तुळया, ज्या बघून नवऱ्याने घर घेतलं. त्यातली एक बरोब्बर त्याच्या कपाळाच्या उंचीवर आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी तिथे ठक्क असा आवाज येतो आणि त्यानंतर थोडा वेळ घरात खरंच शांतता असते.

शांतता हाच सगळ्याचा मुद्दा होता. दिवसभर ऑफिसचे कॉल्स घेऊन डोकं पिकतं, घरी आल्यावर डोळ्यांना निवांत वाटलं पाहिजे, सगळं कसं मऊ, फिकट, लाकडी, लिननचं, जरासं जुनाट पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मग हा निवांतपणा आणण्यासाठी वीकेंडला सकाळी सातपासून सँडर चालू. कपाटं घासली, रंगवली, वाळल्यावर कडांवरचा रंग परत घासून काढला, कारण ती जुनी दिसली पाहिजेत. मी म्हटलं अरे मग मूळचीच का नाही ठेवलीस, तीही जुनीच होती की. तर म्हणे ते नुसतं जुनं होतं, हे छान जुनं आहे.

रंग निवडणं हा आणखी एक सोहळा. इथे फॅरो अँड बॉल म्हणून डॉर्सेटची १९४६ सालची कंपनी आहे, तिच्या रंगांची नावं म्हणजे एलिफंट्स ब्रेथ, डेड सॅमन, माउसेस बॅक. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना सांगितलं की हॉलसाठी हत्तीच्या श्वासाचा रंग बघतोय, तर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तिकडे हवा मानवत नसेल तर परत या."

शेवटी रंग राहिलाच, लाइमवॉश ठरलं. लाइमवॉश म्हणजे आपला पांढरा चुना. पण यात त्याचं खरंच बरोबर होतं हो. इथल्या जुन्या दगडी भिंती भरीव असतात, मध्ये पोकळी नसते, आत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडते. आधीच्या कुणीतरी त्यावर व्हिनाइल पेंट, म्हणजे प्लॅस्टिकसारखा रंग, चोपडला होता, त्यामुळे ओल आतच कोंडून रंगाचे पापुद्रे निघत होते. ते सगळं खरवडण्यात आमचे कितीतरी रविवार गेले. मग चुना. हा इतका पातळ की दुधात पाणी घातलंय का पाण्यात दूध ते कळू नये, भिंत आधी ओली करायची, त्यावर पातळ हात मारायचा आणि ओला असताना तो दिसतच नाही! नवरा आपला भिंतीशी नाक लावून बघतोय, काही लागलंच नाही म्हणून आणखी चोपडतोय, आणि वाळत आलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पांढराशुभ्र. जिथे घाबरून जाड थर दिला होता तिथे मात्र तडे गेले.

दिसायला सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. फक्त अंगाला लागतं. भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. दिवाळीला लीड्सहून मंडळी आली होती, जॉर्जेट, सिल्क, नेव्ही ब्लू जॅकेटं वगैरे, गप्पा मारत सगळे निवांत भिंतीला टेकले, आणि निघताना दारात ओळीने पाठमोरे उभे राहिल्यावर आम्हाला कळलं काय झालंय ते. आम्ही दोघं काही बोललो नाही, त्यांना गाडीत बसू दिलं.

त्यानंतर सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या. भिंतीवर एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि लेकाला विचारलं, "डिंक नाही घातलास?" त्याने एवढे व्हिडिओ बघितले होते, जवसाचं तेल काय, जनावराची चरबी काय, सगळं त्याला पाठ, पण डिंक कुणी सांगितला नव्हता. त्या म्हणाल्या डिंक आणि चिमूटभर नीळ. आता मागची भिंत त्यांच्या पद्धतीने झालीय आणि घरात टेकायला तेवढी एकच जागा आहे.

स्वयंपाकघरात तर वेगळंच महाभारत. वरची बंद कपाटं काढून उघड्या फळ्या लावल्या, त्यावर क्रीम रंगाच्या प्लेट्स, काचेच्या बरण्या, वाळवलेल्या लॅव्हेंडरची जुडी. प्लॅस्टिकचे डबे हद्दपार. कुकर जिन्याखालच्या कपाटात, का तर त्याचा लुक जुळत नाही. म्हणजे वरण लावायचं तर आधी व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढा. आणि उघड्या फळ्यांचं म्हणाल तर हे ज्यांनी शोधलं ते लोक बटाटे उकडून खात असणार. आमच्याकडे मोहरी तडतडते, हिंग पडतो, तेल हवेत उडतं आणि ते सगळं त्या प्लेट्सवर जाऊन बसतं. रोजच्या वापरातल्या ठीक असतात, धुतल्या जातात, पण सर्वात वरच्या फळीवर ज्या केवळ सौंदर्यासाठी आहेत त्यातली एक मी उचलायला गेले तर तिच्यासोबत खालचीही उचलली गेली. लॅव्हेंडरला आता कांदालसूण मसाल्याचा वास येतो. लिननच्या टेबलक्लॉथबद्दल मी काही बोलत नाही, घरात हळद आहे एवढंच सांगते.

सिंक बेलफास्ट पद्धतीचं, पांढरं सिरॅमिकचं, हे भलंमोठं. त्यात कढई छान मावते, पण त्यात काचेचा ग्लास निसटला तर तो ग्लास राहत नाही. सासूबाईंनी आल्या आल्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी घातली. हिरवी. नवऱ्याला ती बघून जो त्रास झाला तो तुळई लागूनही होत नाही.

आता आगा. आगा म्हणजे ओतीव लोखंडाची अवजड शेगडी, जुन्या पद्धतीची असेल तर चोवीस तास तापलेलीच असते, ज्योत नाही, बटणं नाहीत, वर झाकणं असलेल्या दोन तबकड्या, एक जास्त गरम एक कमी, आणि खाली ओव्हन. आमची घरासोबतच आली. इंग्लिश खेड्यातल्या घराचा आत्मा वगैरे म्हणतात तिला, पण ती काढली एका स्वीडिश माणसाने, गुस्ताफ दालेन. दीपगृहांचे दिवे आपोआप चालू-बंद करणाऱ्या व्हॉल्वसाठी वगैरे १९१२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेला, त्याच वर्षी स्फोटात दृष्टी गेली, घरी बसल्यावर लक्षात आलं की चुलीपाशी बायको किती दमते, आणि १९२२ मध्ये ही शेगडी आणली. ही गोष्ट नवरा येईल त्याला सांगतो आणि सांगताना चहा मीच करत असते.

मला ती शेगडी कधी पटली नव्हती. झाकण उघडं ठेवलं की उष्णता जाते, फुलका ज्योतीवर फुगवायची सोय नाही, उन्हाळ्यात घराची भट्टी, आणि तिला लागणाऱ्या तेलाच्या बिलाचा विषय काढला की नवऱ्याला बागेत काम आठवतं. पण सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, कमी गरम तबकडीवर पाण्याचा शिपका मारून चर्र आवाज ऐकला आणि सरळ तिच्यावर ज्वारीची भाकरी टाकली. तवा नाही, काही नाही. टम्म फुगली! मग काय, रात्री विरजण लावून पातेलं शेजारी ठेवलं तर यॉर्कशायरच्या जानेवारीत सुरीने कापावं असं दही. इडलीचं पीठ तिथेच फुगायला लागलं. समोर जो दांडा असतो, ज्यावर नवऱ्याने गिंगहॅमचा, म्हणजे चौकडीचा, नॅपकिन फोटोसाठी लटकवला होता, त्या दांड्यापासून खुर्चीच्या पाठीपर्यंत धोतर ताणून बांधलं आणि त्यावर कुरडया वाळल्या. इंग्लंडमध्ये, पाऊस पडत असताना. नवरा म्हणाला आई, हे स्टाइलमध्ये बसत नाही. त्या म्हणाल्या, "खेड्यातलंच घर करतोयस ना?"

पडद्यांच्या फुलाफुलांच्या कापडाचंही असंच. चिंट्झचं एवढं कौतुक, पण हे छापील सुती कापड युरोपात गेलं ते हिंदुस्थानातून, मुख्यतः कोरोमंडल किनाऱ्यावरून. लोक इतके वेडे झाले की युरोपातल्या विणकरांचा धंदा बसायला लागला, म्हणून फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी घातली होती आणि इंग्लंडनेही १७२१ ला कायदा केला. पुढे १९९६ मध्ये आयकियाने इथे जाहिरातच केली की तुमचं चिंट्झ फेकून द्या, लोकांनी फेकलं, आणि आता तेच चॅरिटी शॉपमधून शोधून आणतायत. आमच्या पडद्यांची किंमत सासूबाईंना अजून सांगितलेली नाही, एवढंच.

या सगळ्यावर खरा कळस केला शेजारच्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या, सगळा जन्म मेंढ्यांच्या फार्मवर गेलेला, म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीत कंट्री म्हणावं असं माणूस हे एकच. नवरा त्यांच्याकडे मोठ्या आदराने सल्ला मागायला गेला आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. त्यांच्याकडे दाराच्या चौकटीपासून टॉयलेटपर्यंत जाड कार्पेट, डबल ग्लेझिंगच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या, रिक्लायनर, भिंतभर टीव्ही आणि एअर फ्रायर. आगा त्यांनी कधीच काढून टाकली होती. त्याने कार्पेटखालच्या दगडी फरशीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ती फरशी मी गुडघ्यांवर बसून घासलीय, लहानपणी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचा, आता ते कार्पेट माझ्या मेल्यावर काढा.

आता त्या बुधवारी आमच्याकडे येतात. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, आजींना मराठी येत नाही, दोघी आगाजवळ बसून गरम भाकरी आणि लोणी खातात आणि नवऱ्याच्या कपाटांकडे बघून हसतात. काय बोलतात ते दोघींनाच ठाऊक.

नवऱ्याचं आता कोंबड्या पाळायचं चाललंय. मागे छोटं लाकडी खुराडं, फिकट हिरव्या रंगाचं, कडा घासलेल्या. मी चौकशी केली तर इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंदवावी लागते. फॉर्म मी भरणार नाही हे सांगून टाकलंय, आणि सासूबाईंनी विचारलंय की कापायची कधी, त्यावर त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.